महाडीबीटीचा फॉर्म अर्ध्या तासाचा आहे, खरं काम त्याच्या आधी आणि नंतर असतं

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की माझ्या व्हॉट्सॲपला एकच मेसेज येत राहतो, दादा महाडीबीटी चालू झालं का? महाडीबीटी म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज भरायचं पोर्टल. मी उलटा प्रश्न टाकतो, उत्पन्नाचा दाखला काढलास का? की तिकडून ब्लू टिक आणि शांतता. मग दोन दिवसांनी फोन, की सेतूवाला म्हणतोय सर्व्हर डाऊन आहे, तलाठी भाऊसाहेब ट्रेनिंगला गेलेत, आणि कॉलेजमध्ये उद्याच शेवटची तारीख आहे म्हणे. मी स्वतः चार वर्षं ही शिष्यवृत्ती घेऊन इंजिनिअरिंग केलं आणि त्यानंतर मामेभाऊ, चुलत बहिणी, गल्लीतली पोरं असे बरेच फॉर्म भरून दिले, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली की फॉर्म भरणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. पैसे अडकतात ते फॉर्मच्या आधी दाखल्यांत, आणि फॉर्मनंतर कॉलेजच्या टेबलावर नाहीतर बँकेत. म्हणून या लेखात फॉर्मबद्दल कमी आणि आजूबाजूच्या भानगडींबद्दल जास्त लिहिलंय.

आधी आपण कुठल्या योजनेत बसतो ते बघा. महाडीबीटी म्हणजे एक शिष्यवृत्ती नाही, वेगवेगळ्या खात्यांच्या योजना एका पोर्टलवर आणून ठेवल्यात इतकंच. एससी असाल आणि घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ज्याला सगळे नुसतं जीओआय म्हणतात. अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ पण निर्वाह भत्ता नाही. एसटीलाही शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखच आहे, फक्त खातं आदिवासी विकासचं. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण खात्याकडे, तिथे फ्रीशिपला आठ लाखांची मर्यादा आणि नॉन क्रिमीलेअर, म्हणजे घर आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या वर्गात नसल्याचा दाखला, लागतं. ओपनमधली मुलं असतील तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला अजूनही सगळे ईबीसीच म्हणतात, उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे आणि व्यावसायिक कोर्सला निम्मी ट्यूशन फी आणि निम्मी परीक्षा फी मिळते. याच्यासोबत डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता नावाची वेगळी योजना आहे, शाहू महाराज योजना घेणाऱ्या आणि बाहेरगावी राहणाऱ्या पोरांनी ती पण बघावी, दोन्ही एकत्र चालतात आणि बऱ्याच जणांना हे माहितीच नसतं.

मुलींसाठी एक मोठा बदल झालाय. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसीमधल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शंभर टक्के ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतं, आधी पन्नास टक्केच होतं. पण अट नीट वाचा, प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला असेल तर नाही, खाजगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तरी नाही. माझ्या मामाच्या पोरीच्या वर्गातल्या एकीने घराजवळचं कॉलेज म्हणून शेवटच्या राउंडनंतर मॅनेजमेंटमधून सीट घेतली, काकांना वाटलं मुलगी आहे म्हणजे फी माफच, आणि मग पूर्ण फी भरायची वेळ आली. ॲडमिशनच्या आधी हे कळलं असतं तर तिनं पुढच्या राउंडला दुसरं कॉलेज घेतलं असतं. शिष्यवृत्तीचा विचार ॲडमिशननंतर नाही, ऑप्शन फॉर्म भरताना करायचा.

आता दाखले, इथेच निम्मा खेळ आहे.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा पाहिजे, आणि तो चालू आर्थिक वर्षात काढलेला. म्हणजे एक एप्रिलनंतर काढायचा, त्याच्यावर मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न येतं आणि मुदत ३१ मार्चपर्यंत असते. दहावीला किंवा अकरावीला काढलेला दाखला कपाटातून काढून स्कॅन करून टाकणारे दरवर्षी भेटतात. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दोन प्रकार असतात, नॉन क्रिमीलेअर काढायचं असेल तर तीन वर्षांचं उत्पन्न लागतं, म्हणून मी सरळ तीन वर्षांचाच काढायला सांगतो, एका हेलपाट्यात काम होतं. शेतकऱ्याच्या घरी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, सातबारा, आठ अ, रेशनकार्ड आणि वडिलांचं आधार, नोकरदाराच्या घरी फॉर्म सोळा. आई पण कमावत असेल तर तिचंही उत्पन्न धरलं जातं. आपले सरकार पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो पण खरं सांगू का, गावाकडे सेतूतूनच काढा, तिथल्या माणसाला कुठला कागद नसला की फाईल परत येते ते पाठ असतं.

दाखल्यावर बारकोड असतो, त्याचा नंबर महाडीबीटीवर टाकला की माहिती आपोआप भरली जाते. म्हणून दाखला आल्या आल्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग, गावाचं नाव, रक्कम तपासा. आमच्याकडे एकदा अंकी रक्कम बहात्तर हजार आणि अक्षरी सत्तावीस हजार आली होती, ती दुरुस्त करायला तीन आठवडे गेले.

जातीचा दाखला बहुतेकांकडे असतो. भांडण असतं ते व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राचं. व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच आणि शिष्यवृत्तीलाही मागतात. जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करायचा असतो, बारावीला असतानाच कॉलेजच्या पत्रासोबत. वडिलांचा, आजोबांचा, चुलत्याचा शाळा सोडल्याचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, जुने महसुली पुरावे असं सगळं जमवावं लागतं, आणि घरात रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर काम खूप हलकं होतं, म्हणून पहिलं काम काय तर चुलत्याला, आत्याला फोन लावा. बारावीच्या निकालानंतर अर्ज टाकणाऱ्यांची जी धावपळ होते ती बघवत नाही, समितीच्या ऑफिसबाहेर जिन्यापर्यंत लाईन असते. अकरावी संपली की अर्ज टाका, एवढंच म्हणेन.

बाकी कागद म्हणजे डोमिसाईल, दहावी बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फी भरल्याची पावती, रेशनकार्ड, बोनाफाईड. मध्ये एक वर्ष गॅप असेल, नीटसाठी किंवा असंच, तर गॅप ॲफिडेव्हिट. शाहू महाराज योजनेत घरातल्या पहिल्या दोनच मुलांना लाभ मिळतो, त्यामुळे रेशनकार्डवर तिसरं भावंड असेल तर तिथे प्रश्न विचारतात, तयारीत राहा. आणि स्टॅम्प पेपरबद्दल, पाचशेचा स्टॅम्प घ्या म्हणून कुणी पिटाळत असेल तर लक्षात ठेवा, २०२५ च्या मार्चमध्ये सरकारने उत्पन्न, जात, रहिवासी, नॉन क्रिमीलेअर असल्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना तो स्टॅम्प माफ केलाय, साध्या कागदावर स्वसाक्षांकित अर्ज चालतो. शांतपणे सांगा, बहुतेक वेळा ऐकतात.

हे सगळं एकदा नीट स्कॅन करून मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवा. पोर्टल २५६ केबीच्या वरची फाईल घेत नाही. मोबाईलने फोटो काढून तसाच टाकला तर तो चार एमबीचा असतो, मग दाबून दाबून इतका बारीक करतात की शिक्कासुद्धा दिसत नाही आणि कॉलेजचा क्लार्क परत पाठवतो. स्कॅनर ॲपमधून काळ्यापांढऱ्यात पीडीएफ करा, कडा कापा, मागची फरशी दिसू देऊ नका.

आता बँक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझे स्वतःचे पैसे इथेच गेले होते.

फर्स्ट इयरला माझा फॉर्म मंजूर झाला, वर्गातल्या सगळ्यांचे पैसे आले, माझ्या खात्यात शून्य. पोर्टलवर लॉगिन केलं तर पैसे जमा झाल्याचं दाखवतंय. कॉलेजात विचारलं, ते म्हणाले बँकेत जा. बँकेत गेलो, ते म्हणाले आमच्याकडे काही आलं नाही, कॉलेजात जा. असं महिनाभर टोलवाटोलवी. शेवटी एका भल्या माणसाने आधार नंबर टाकून बघितलं तेव्हा कळलं की माझं आधार जोडलेलं आहे ते पाचवीत असताना शाळेच्या गणवेशाच्या पैशांसाठी गावच्या शाखेत उघडलेल्या खात्याला. त्या खात्याचं पासबुक आईने कधीच चुलीत घातलं असेल. पैसे तिथे पडले होते, पूर्ण हप्ता, चार महिने.

झालं काय होतं ते समजून घ्या. सरकार डीबीटीचे, म्हणजे थेट खात्यात जमा करायचे, पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खाते नंबरवर टाकत नाही, आधार नंबरवर टाकतं. तो आधार कुठल्या बँकेशी जोडलाय याची नोंद एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, असते आणि तिथे एका वेळी एकच बँक असते, जी शेवटची जोडली ती. बँकवाले जेव्हा म्हणतात आधार लिंक आहे, तेव्हा त्यांचा अर्थ बऱ्याचदा केवायसीला आधार दिलाय इतकाच असतो. ते वेगळं आणि एनपीसीआयला सीडिंग होणं, म्हणजे ती नोंद होणं, वेगळं. बँकेत जाऊन हाच शब्द वापरा, साहेब डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचंय, आणि त्याचा वेगळा फॉर्म भरून द्या. मग आठवड्याभराने आधारच्या वेबसाईटवर मायआधारमध्ये लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह असं दिसलं पाहिजे. बँकेचं नाव दिसतं, खाते नंबर पूर्ण दिसत नाही, म्हणून एकाच बँकेत दोन खाती असतील तर एक बंद करून टाका, डोक्याला ताप नको.

आणखी एक फसगत. मध्येच कुणीतरी दुकानात बसून पेमेंट बँकेचं खातं उघडून देतो, सिमकार्ड घेताना किंवा गॅस सबसिडीला म्हणून, अंगठा लावला की झालं, आणि तुमचं सीडिंग गुपचूप तिकडे जातं. पुढचा हप्ता तिकडे. त्या खात्यांत दिवसाअखेर दोन लाखांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही, शिष्यवृत्तीला तेवढी अडचण येत नाही म्हणा, पण आपले पैसे कुठे आहेत तेच माहीत नसेल तर काय उपयोग. त्याहून बेकार म्हणजे पूर्ण केवायसी न झालेलं छोटं खातं, शाळेत असताना उघडलेलं. त्यात वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला दहा हजारांच्या वर काढता येत नाही. फी मोठी असेल तर पैसे येऊनसुद्धा अडकतात. अठरा पूर्ण झाली की बँकेत जाऊन केवायसी करून ते खातं साधं बचत खातं करून घ्या.

आधार कार्डही एकदा बघा. मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे कारण ओटीपी तिथेच येतो, आणि तो नंबर वडिलांच्या जुन्या बंद पडलेल्या सिमचा नसावा. वयाची पंधरा वर्षं झाली की बोटांचे ठसे आणि फोटो अपडेट करावे लागतात, ते न केलेली बरीच पोरं आहेत, लहानपणीचा फोटो तसाच. आधारवर नाव एक आणि मार्कशीटवर दुसरं असेल तर आधीच आधार दुरुस्त करा, मार्कशीट बदलणं फार अवघड.

एवढं झालं की फॉर्म. नवीन अर्जदार नोंदणी करताना युजरनेम आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा आणि मोबाईल स्वतःचा द्या. नेट कॅफेवाल्याकडून भरून घेणार असाल तरी चालेल, मी नावं ठेवत नाही, त्यांना हे काम आपल्यापेक्षा चांगलं येतं, पण कॅफेवाले एकच पासवर्ड सगळ्यांना देतात आणि घाईत मोबाईल नंबर स्वतःचा टाकतात. मग अर्ज परत आल्याचा मेसेज त्याला जातो, तुम्हाला नाही. उठायच्या आधी युजरनेम पासवर्ड कागदावर लिहून घ्या, फोटो काढा.

प्रोफाईलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती म्हणजे आईवडिलांची, सध्याचा कोर्स, मागचं शिक्षण आणि हॉस्टेल अशी पानं आहेत. पोरं सगळ्यात जास्त चुकतात ती सध्याच्या कोर्सच्या पानावर. कॉलेजचं नाव सारखंच असलेली दोनतीन कॉलेजं यादीत असतात, एकाच संस्थेचं डिप्लोमा आणि डिग्री वेगळं, सकाळची शिफ्ट वेगळी. चुकीचं निवडलं की तुमचा अर्ज दुसऱ्याच कॉलेजच्या क्लार्ककडे जातो आणि तुमचं कॉलेज म्हणतं आमच्याकडे आलाच नाही. प्रवेशाची तारीख, कॅपचा ॲप्लिकेशन आयडी, प्रवेश कॅपमधून की संस्थेच्या पातळीवर, हे अलॉटमेंट लेटर समोर ठेवून भरा, आठवणीने नको. कोर्स यादीत दिसतच नसेल तर तो कॉलेजने जोडायचा राहिलाय, तुम्ही दुसरा जवळचा कोर्स निवडू नका, स्कॉलरशिप विभागात जाऊन सांगा.

मागच्या शिक्षणात दहावीपासून प्रत्येक वर्ष यायला पाहिजे, नापास झालेलं वर्षसुद्धा. लपवायला जाऊ नका, मार्कशीटवरच्या तारखा सगळं बोलतात. हॉस्टेलच्या पानावर तुम्ही हॉस्टेलला राहता की घरून येता ते खरं भरा, कारण निर्वाह भत्ता त्यावर ठरतो. एससीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या पहिल्या गटातल्या कोर्सला हॉस्टेलवाल्याला वर्षाला १३,५०० आणि घरून येणाऱ्याला ७,००० आहेत, साध्या बीए, बीकॉमला ६,००० आणि ३,०००. पुण्यात तीन हजारांत काय होतं विचारू नका, वडापावचा सुद्धा वर्षाचा हिशोब बसत नाही, पण फी वाचते ती खरी कमाई.

सगळं भरून झालं की पोर्टल पात्र योजना दाखवतं. योजना निवडताना दोनदा वाचा, शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप शेजारी शेजारी असतात आणि नावं लांबलचक, सारखीच वाटतात. सबमिट झाल्यावर अर्ज क्रमांक आणि प्रिंट घ्या. आणि एक बटण, राइट टु गिव्ह अप, त्याला अजिबात हात लावू नका. त्याचा अर्थ मला शिष्यवृत्ती नको, मी हक्क सोडतो. इंग्रजी न वाचता ओके ओके करत गेलेल्या पोरांनी हे दाबलं आणि मग समाजकल्याण खात्याला अर्ज पूर्ववत करून घ्या म्हणून सूचना काढायची वेळ आली. चुकून दाबलं गेलं असेल तर त्याच दिवशी कॉलेजला जा.

सबमिट झालं म्हणजे काम झालं असं समजून नव्वद टक्के लोक झोपतात, आणि मग मार्चमध्ये उठतात. सबमिटनंतर अर्ज तुमच्या कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, तो कागद बघून प्राचार्यांच्या लॉगिनला ढकलतो, मग तिथून खात्याकडे, म्हणजे एससीचा असेल तर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे. या प्रत्येक टप्प्यावर अर्ज थांबू शकतो. तुमच्या लॉगिनमध्ये तो कुठल्या टेबलावर आहे ते दिसतं. दर आठवड्याला, सोमवार ठरवून, एकदा बघायचं. सेंड बॅक दिसलं तर कारण वाचा, दुरुस्त करा आणि परत सबमिट करा, ही शेवटची पायरी लोक विसरतात. दुरुस्ती केली, सेव्ह केलं, खूश होऊन निघाले. अर्ज तिथेच पडून.

आणि कॉलेजात प्रिंट आणि सगळ्या झेरॉक्स नेऊन द्या. पोर्टल ऑनलाइन आहे पण क्लार्क कागदाचा माणूस आहे, त्याच्याकडे शेकडो अर्ज असतात, ज्याची फाईल समोर असते त्याचा अर्ज आधी पुढे जातो हे मी डोळ्यांनी बघितलंय. चिडून बोलू नका, मॅडम जरा बघता का म्हणून रोज गेलात तरी चालतं, फक्त दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका. पोच घ्या, शिक्का मारून, तारखेसह. पुढे कुणी म्हणालं फाईल दिलीच नव्हती तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल. आम्हाला एका वर्षी अशी फाईलच सापडेना, कॉलेजचं नाव नको, पण माझ्या बहिणीकडे पोच होती म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कपाटामागून शोधून काढली.

शेवटची तारीख वाढतेच, हे सगळ्यांना माहितीये, आणि म्हणूनच सगळे फसतात. विद्यार्थ्यांची तारीख वाढते तशी कॉलेजने अर्ज पुढे पाठवायची पण एक वेगळी तारीख असते, ती उलटली तर तुमचा अर्ज वेळेत भरलेला असूनही क्लार्कच्या लॉगिनला अडकून राहतो. मुदतवाढीच्या भरवशावर थांबू नका.

पैसे येतात ते साधारण दोन हप्त्यांत. एससीच्या योजनेत २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के हिस्सा आणि राज्याचा चाळीस टक्के हिस्सा असं आहे, त्यामुळे रक्कम तुकड्यातुकड्याने दिसते, अर्धीच आली म्हणून घाबरू नका. आधी कॉलेजची फी थेट कॉलेजला जायची, आता केंद्राचा हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी तुम्ही कॉलेजला भरायची असते. इथे घरच्यांशी आधीच बोलून ठेवा. खात्यात एकदम पन्नास हजार दिसले की कुणाच्या तरी लग्नाची, बियाण्याची आठवण होते, मग परीक्षेच्या फॉर्मला कॉलेज अडवतं. मी कुणाला दोष देत नाही, आमच्याही घरी झालंय हे. पण फी आधी.

माझ्या एका मित्राला हे पैसे घ्यायची लाज वाटायची, वर्गात कुणी बोललं होतं म्हणून. त्याला मी एवढंच सांगितलं की ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात होते, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी मराठा बोर्डिंग काढलं ते १९०१ ला. आपण काही पहिले नाही आणि फुकटेही नाही. दुसऱ्या वर्षी त्याने फॉर्म माझ्याआधी भरला.

महाडीबीटीच्या बाहेरही आहे थोडं. एससी मुलांना सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० पर्यंत, जेवण, खोली आणि निर्वाह मिळून. आदिवासी मुलांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, याच धर्तीवर. यांचा अर्ज वेगळा असतो, महाडीबीटी भरलं म्हणजे हे आपोआप होत नाही. बारावीला बोर्डात वरच्या वीस टक्के मुलांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,०००. पण दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ती चालत नाही, तेव्हा आधी हिशोब करा, फी मोठी असेल तर महाडीबीटीच फायद्याचं. आणि फी शिष्यवृत्तीत बसतच नसेल तर पीएम विद्यालक्ष्मी, ठरलेल्या चांगल्या संस्थांत प्रवेश असेल तर तारण न ठेवता कर्ज मिळतं, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर कोर्स चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट. कर्ज ते कर्जच, शेवटचा पर्याय म्हणून सांगतोय.

दुसऱ्या वर्षापासून रिन्यूअल असतं. नवीन अर्ज भरायचा नाही, जुन्याच लॉगिनमधून रिन्यू करायचं. नवीन आयडी काढला की आधारवर दोन अर्ज दिसतात आणि दोन्ही लटकतात, मागच्या वर्षी एकट्या माझ्याकडे असे तीन जण आले. मागच्या वर्षाची मार्कशीट, नवीन वर्षाची फी पावती आणि उत्पन्नाचा दाखला मुदत संपली असेल तर नवा. बॅकलॉग असेल तरी अर्ज करा, पुढच्या वर्षाला प्रवेश मिळालाय का ते महत्त्वाचं. हजेरी सांभाळा, भारत सरकार शिष्यवृत्तीला ७५ टक्के मागतात. आणि वर्षाच्या मध्ये कुठल्या दुकानात अंगठा लावला असेल तर रिन्यूअलच्या आधी परत एकदा ते सीडिंग स्टेटस उघडून बघा.